त्र्यंबकेश्वरातला त्र्यं

अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, पाट्यांचं पेंटिंग शिकायला पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हाती ब्रश पडत नसे. खडूचा तुकडा मिळायचा आणि दुकानासमोरच्या शहाबादी फरशीवर एकच शब्द लिहायचा असायचा : त्र्यंबकेश्वर. लिहायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, पुन्हा लिहायचा. संध्याकाळी अण्णा शटर ओढायच्या आधी एकदा फरशीकडे बघायचे. बाकीची अक्षरं ते बघतही नसत, फक्त पहिलं. "त्र्यं बसला का?" एवढंच विचारायचे.

लहानपणी मला वाटायचं, देवाचं नाव म्हणून तो शब्द असेल. पुढे कळलं, तो शब्द म्हणजे अख्खी परीक्षा आहे. त, र आणि य अशी तीन व्यंजनं एका अक्षराच्या रुंदीत दाटीवाटीने बसवायची. त्रचा तिरका फराटा यच्या पोटात घुसता कामा नये. वर अनुस्वार, तोही शिरोरेषेला न चिकटता. पुढे 'बके' येईपर्यंत हात मोकळा होतो आणि मग श्व येतो. तिथे पहिल्या अक्षराएवढीच जाडी पुन्हा आली पाहिजे, नाहीतर पाटी एका बाजूला कलल्यासारखी दिसते. नाशिकच्या पेंटरला हा शब्द टाळता येत नाही. बसस्टँडपासून धर्मशाळेपर्यंत, पेढ्याच्या दुकानापासून जीपच्या काचेपर्यंत तो सगळीकडे लागतो.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या दुकानात पंचवटीतल्या एका यात्री निवासाचे मालक आले. जुने गिऱ्हाईक. मोबाइल पुढे करून म्हणाले, "ताई, या वेळी डिझाइन आम्हीच करून आणलंय. फक्त प्रिंट मारून द्या." मी पाहिलं. खरं सांगते, चित्र सुंदर होतं. रामकुंडावर पहाटेचा निळसर उजेड, पाण्यावर दिव्यांची रांग, मागे ब्रह्मगिरीसारखा डोंगर धुक्यात. असं काम हाताने करायचं तर मला दोन दिवस लागले असते आणि तरी तो उजेड मला जमला असता की नाही, सांगता येत नाही. त्यांच्या मुलाने ते एआयकडून काही सेकंदांत करून घेतलं होतं.

वर ठळक सोनेरी अक्षरांत ओळ होती. 'सिंहस्थ' मधला स्थ जवळपास बरोबर होता. त्याच्यापुढे जिथे त्र्यंबकेश्वर असायला हवं होतं, तिथे पहिल्या जागी एक आकृती होती. शिरोरेषा होती, खाली लोंबणारा पाय होता, पोट होतं, वर ठिपकाही होता. सगळे अवयव असलेली, पण कुठल्याच बाराखडीत नसलेली. मालकांना ते दिसलं नव्हतं. त्यांच्या मुलालाही नाही. आपण ओळखीचा शब्द वाचतो तेव्हा अक्षरं बघत नाही, शब्दाचा आकार बघतो. म्हणून ते त्यांच्या नजरेतून निसटलं. माझ्या नजरेतून निसटलं नाही, कारण त्या फरशीवर मीही खडू झिजवला आहे.

मी ती ओळ झाकून फॉन्टमध्ये नीट टाइप करून दिली. पैसे प्रिंटिंगचेच घेतले.

*

नाशिकात आमच्या धंद्याचा काळ सिंहस्थावर मोजतात. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि दर बारा वर्षांनी आमच्या हातातलं हत्यार बदललेलं असतं.

१९९१ च्या सिंहस्थात अण्णा चाळिशीच्या आतले होते. भद्रकालीच्या मागे आमचं दुकान, दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि बाहेरची फरशी. पत्र्याला आधी रेड ऑक्साइड मारायचं, वाळलं की पांढऱ्याचे दोन हात, मग दोरीला खडू लावून ती ताणून सोडायची की पत्र्यावर सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर शिरोरेषा. डाव्या हातात काठी, काठीवर उजवं मनगट, आणि श्वास धरून फ्लॅट ब्रश वरून खाली. घरात सतत टर्पेन्टाइनचा वास. आईने भाकरी केली तरी भाकरीला तो वास आहे असं मला वाटायचं. त्या वर्षी आखाड्यांच्या, अन्नछत्रांच्या, वाहनतळांच्या पाट्या करताना अण्णा तीन-तीन रात्री झोपले नव्हते, असं आई सांगते. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली, अंगठ्याच्या नखाएवढ्या अक्षरांत ते 'पेंटर' लिहून पुढे आपलं नाव टाकायचे. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर काम सोडायचे. पैशांवरून त्यांनी कधी काम सोडल्याचं मला आठवत नाही, नावावरून सोडलेलं दोनदा आठवतं.

पुढे मी डीटीपी शिकले तेव्हा कळलं, त्याच १९९१ सालच्या ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली होती. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक क्रमांक, आणि त्यात देवनागरी पहिल्यापासून होती. त्या हिशोबाने त्र्यंबकेश्वर म्हणजे तेरा क्रमांकांची माळ. त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार इथेच सहा होतात. अण्णांच्या ब्रशच्या सात-आठ फटकाऱ्यांत बसणारा त्र्यं यंत्राला सहा तुकड्यांत माहीत असतो, आणि ते तुकडे जोडून डोळ्याला पटेल असं अक्षर उभं करणं हे फॉन्ट करणाऱ्याचं काम. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं मराठी वाचली ती 'मंगल' या फॉन्टमध्ये. तो र. कृ. जोशी यांनी केला. त्यांनी आयुष्यभर बोरूने अक्षरं लिहिली, शिकवली, आणि मग तीच समज संगणकाला दिली. मंगलमधला त्र्य मोठा करून मी एकदा अण्णांना दाखवला होता. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याने हाताने लिहिलेलं आहे आधी."

२००३ चा सिंहस्थ अण्णांचा शेवटचा. म्हणजे ब्रशचा शेवटचा. त्या वर्षी २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. त्यानंतर अण्णांच्या बोलण्यात एक वाक्य आलं ते कायमचं : पाटी उभ्या माणसासाठी नसते, चालणाऱ्यासाठी असते. घाबरलेल्या, ढकलल्या जाणाऱ्या, कडेवर मूल घेतलेल्या माणसाला एका नजरेत वाचता आलं पाहिजे. नक्षी मागाहून. मी आज डिझाइन करते तेव्हाही काम संपलं की खुर्चीवरून उठते, दुकानाच्या दारापर्यंत उलटी चालत जाते आणि पडद्यावरची ओळ वाचता येते का बघते.

मग फ्लेक्स आला. दोन-तीन वर्षांतच आला म्हणा ना. पत्रा नको, प्रायमर नको, वाळायची वाट नको. चौरस फुटाचा भाव ब्रशच्या कामाच्या जवळपासही नाही. अण्णांच्या हाताखालची पोरं सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये लागली, एक रिक्षा चालवायला लागला. आणि मी, त्यांची मुलगी, सीबीएसजवळच्या क्लासला जाऊन कोरलड्रॉ आणि श्रीलिपी शिकून एका फ्लेक्सवाल्याकडे नोकरीला लागले. घरात यावर भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. अण्णांनी फक्त ब्रश रॉकेलमध्ये स्वच्छ धुतले, केसांना टोक येईल असे बोटांनी चिमटले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले.

२०१५ च्या सिंहस्थात मी माझ्या स्वतःच्या दुकानात होते. २९ ऑगस्टला पहिलं शाहीस्नान, त्याच्या आदल्या आठवड्यात मशीन थांबलंच नाही. त्या शाईचा वासही घरापर्यंत यायचा. किती बॅनर छापले, मला आठवत नाही. एकाच्याही कोपऱ्यात माझं नाव नव्हतं. फ्लेक्सवर डिझाइनरचं नाव टाकायची पद्धतच नाही. प्रिंटरचा फोन नंबर असतो, फार तर. मला तेव्हा ते खटकलंही नाही.

*

आता पुढचा सिंहस्थ दारात आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. आणि हत्यार पुन्हा बदललं आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये जिब्ली या जपानी अॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीतल्या चित्रांची लाट आली ती सगळ्यांना आठवत असेल. ओपनएआयने चॅटजीपीटीत चित्रं काढायची नवी सोय दिली आणि चार दिवसांत अख्ख्या फॅमिली ग्रुपचे चेहरे जपानी कार्टूनसारखे झाले. कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच लिहिलं होतं की लोक एवढी चित्रं काढताहेत की आमचे जीपीयू, म्हणजे एआय चालवणाऱ्या चिप, वितळायला लागलेत. सप्टेंबरमध्ये गुगलच्या नॅनो बनाना या चित्रं करणाऱ्या एआयने साडीची लाट आणली. माझ्या भाचीने स्वतःचा साध्या टीशर्टमधला फोटो देऊन जुन्या सिनेमातल्या नायिकेसारखा, उडणारा पदर आणि मागे मावळतीचा उजेड असलेला फोटो करून घेतला. तिला तो फोटो बघताना झालेला आनंद खरा होता. मीही माझा करून पाहिला. त्या आनंदाला नावं ठेवायचा माझा विचार नाही.

पण जिब्लीच्या त्या दिवसांत मला सारखं वाटत होतं की कुणीतरी हे आधी हाताने काढलेलं आहे. १९८५ मध्ये सुरू झालेला तो स्टुडिओ, तिथे वर्षानुवर्षं एकेक चौकट हाताने रंगवणारी माणसं. त्यांचा हात माझ्या आत्याच्या चेहऱ्यावर येऊन बसला होता आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्याच स्टुडिओचे एक संस्थापक हायाओ मियाझाकी यांना २०१६ मध्ये काही तरुणांनी संगणकाने आपोआप केलेलं अॅनिमेशन दाखवलं होतं. हा जीवनाचाच अपमान आहे, असं ते तोंडावर म्हणाले होते. ते दृश्य मी पाहिलं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता त्याहून दुःख जास्त होतं. तसा चेहरा मी घरात पाहिलेला आहे, ब्रश गुंडाळून ठेवतानाचा.

त्र्यं का चुकतो, हे मी थोडं समजून घ्यायचा प्रयत्न केला. चित्र काढणारं एआय अक्षर लिहीत नाही. बहुतेक वेळा ते ठिपक्यांच्या गोंधळातून हळूहळू अक्षरासारखं दिसणारं काहीतरी बाहेर काढतं. त्याने इंग्रजी पाट्या अफाट पाहिलेल्या आहेत, मराठी त्या मानाने फार थोड्या. आणि आपली जोडाक्षरं अशी की अवयव तेच, पण जागा बदलली की अक्षर बदलतं. नुसता मजकूर लिहिणाऱ्या मॉडेलांचंही तेच होतं. ती भाषा तुकडे पाडून वाचतात, आणि जी भाषा कमी पाहिलेली तिचे तुकडे जास्त पडतात. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवं मॉडेल आणताना स्वतःच एक तक्ता दिला होता. एकाच छोट्या स्वागताच्या मजकुरासाठी मराठीत आधी ९६ तुकडे लागायचे, नव्या पद्धतीत ३३ लागतात. इंग्रजीत २७ चे २४ झाले. हे आकडे वाचताना मला बरंही वाटलं आणि लागलंही. बरं यासाठी की कुणीतरी आपल्या भाषेकडे नीट बघायला लागलंय. लागलं यासाठी की इतके दिवस आपण तिथे भुसाच होतो. आता तर नव्या मॉडेलांना साधे मराठी शब्द नीट जमतात. त्र्यं आज ना उद्या बसेल. बसायलाच हवा, चालणाऱ्या माणसाला पाटी वाचता आली पाहिजे.

तो बसेल तेव्हा कुणाचा पाहून बसेल, हा माझा प्रश्न आहे.

या प्रश्नावर जगभर कोर्टकचेऱ्या चालू आहेत आणि मी त्या बातम्या आपल्या घरची बातमी असल्यासारख्या वाचते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय ही वृत्तसंस्था आपल्या बातम्या न विचारता वापरल्या म्हणून ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. अरिजीत सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय साधनांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आवर घातला, पुढच्या वर्षी आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने चोरट्या संग्रहांतून उतरवलेल्या पुस्तकांच्या प्रकरणात लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. लिहिणाऱ्याला त्याचं मिळालं.

मग मी ती तडजोड कुणाला लागू होते ते वाचलं. पुस्तकाला क्रमांक असतो, प्रकाशक असतो, नोंदणी असते. आशाताईंचा आवाज डोळे मिटून कुणीही ओळखेल. पाटीचं काय? मेन रोडवरच्या, दहीपुलाजवळच्या, रविवार कारंज्यावरच्या पाट्यांचे फोटो हजारो लोकांनी काढले, नेटवर टाकले. त्यातली एखादी अण्णांची असेलही. मॉडेलने ती पाहिली असेलही. ते कुणालाही सिद्ध करता येणार नाही, मलाही नाही. अण्णांच्या हातचा उकार, शेवटाला किंचित वर उचललेला, मला हजार पाट्यांत ओळखू येतो. पण तो कुठल्याही रजिस्टरात नोंदलेला नाही. जे हात सर्वांत जास्त भिंतींवर होते, त्यांच्याकडेच दाखवायला कागद नाही.

एका माणसाने या बाबतीत फार चांगलं काम केलं, त्यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. हनीफ कुरेशी. रस्त्यावरच्या पेंटरांकडून अक्षरं लिहून घेऊन त्यांनी त्यांचे फॉन्ट केले, आणि फॉन्टला नाव दिलं ते त्या पेंटरचं. 'पेंटर कफील' हे एका फॉन्टचं नाव आहे. संगणकावर फॉन्टची यादी उघडली की तिथे त्या माणसाचं नाव दिसतं, वापरणाऱ्याला ते घ्यावंच लागतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कुरेशी गेले, फार लवकर गेले. त्यांच्या कामाबद्दल मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "नाव कोपऱ्यात आहे की वर?" मी म्हटलं, "वर आहे अण्णा, नावच ते आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळी माळ्यावरचं वर्तमानपत्राचं पुडकं खाली आलं. ब्रशचे केस अजून मऊ होते.

तेव्हापासून आम्ही दोघं एक काम करतोय. त्यांचा हात आता कापतो, मोठा पत्रा त्यांच्याने होत नाही. रोज सकाळी एक अक्षर, कार्डशीटवर, काळ्या पोस्टर कलरने. मी ते स्कॅन करून ठेवते. स्वर झाले, व्यंजनं झाली, आता जोडाक्षरं चालू आहेत. फॉन्ट कसा करायचा ते मी रात्री शिकते, ते अवघड आहे आणि मला वेळ लागणार आहे. त्र्यं त्यांनी आतापर्यंत नऊ वेळा लिहिला आणि नऊही वेळा कागद उलटा करून ठेवला. मी ते नऊही कागद जपून ठेवलेत.

*

गेल्या रविवारी पहाटे पांडवलेण्यांवर गेले होते. खाली फाळके स्मारक, त्याच्या शेजारून पायऱ्या वर जातात. दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. त्यांच्या मूकपटांत पडद्यावर मजकुराच्या पाट्या यायच्या आणि त्यासुद्धा कुणीतरी लिहिलेल्याच असणार, हे चढताना मनात येत होतं. या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. इथेही त्र आहेच.

तिसऱ्या लेण्यात गेले. बाहेर खाली ते ठेंगणे, दणकट पुरुष अख्खं लेणं खांद्यावर तोलून धरल्यासारखे कोरलेले आहेत. ओवरीच्या भिंतीवर छताखाली लेख आहेत, ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले. मला ब्राह्मी वाचता येत नाही. एमिल सेनार या फ्रेंच अभ्यासकाने शंभरेक वर्षांपूर्वी वाचून छापलेला पाठ मी मोबाइलवर घेऊन गेले होते आणि भिंतीवरचं एकेक अक्षर त्याच्याशी जुळवत होते. गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा आहे ती, कारकिर्दीच्या अठराव्या वर्षातली. गोवर्धनच्या अमात्याला कळवलंय की या डोंगरावरच्या भिक्षूंना २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत दिलं आहे. भिक्षूंचं नाव तेकिरसि असं आलंय, म्हणजे त्रिरश्मीचेच, बोलणाऱ्यांनी जोडाक्षर जिभेनेच सोडवून टाकलेलं. आज्ञा कुणी दिली, कोणत्या अमात्याने लिहून घेतली, सगळं आहे. आणि अगदी शेवटी, तिथी सांगून झाल्यावर, दोन शब्द आहेत. तापसेन कटा. तापसाने केली. काय केली, तर पटिका. हा शब्द मी मोठ्याने उच्चारला आणि मला पाटी ऐकू आली.

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. राजाचं नाव सांगितलं, शेताचं सांगितलं, त्यात त्यांना रस नव्हता. मग ते दोन शब्द वाचून दाखवले.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "कुठे लिहिलंय ते?"

"शेवटी. सगळं संपल्यावर."

"अक्षर केवढं आहे? वरच्याएवढंच की बारीक?"

मी जवळ गेले, बघितलं. "वरच्याएवढंच आहे अण्णा."

"बरं," ते म्हणाले. "येताना कार्डशीट घेऊन ये. संपलेत."